एकच ग्राहक, पाच नावं: दुकान, डाळमिल आणि काट्याचा हिशेब एका ओळीत कसा आणायचा?

काटापावती (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:५०

राजेहो, मागच्या महिन्यात आमच्या दुकानातून एका माणसाला उधारीचा मेसेज गेला. रक्कम चौदा हजारांच्या वर. ज्याला गेला त्यानं दिवाळीआधीच सगळा हिशेब चुकता केलेला. बरं, दिवस नेमका त्याच्या पोरीच्या साक्षगंधाचा. मोबाइल होता होणाऱ्या सोयऱ्याच्या हातात, फोटो पाहून राहिला होता तो, आणि वरून आमचा मेसेज उतरला.

दुसऱ्या दिवशी माणूस दुकानात आला. भांडला नाही. जुनी पावती काउंटरवर ठेवली, 'पाहून घ्या' म्हणाला आणि उभा राहिला. चहा सांगितला, घेतला नाही. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक.

शोधलं तर त्याच गावात त्याच नावाचा दुसरा माणूस निघाला. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव तर तेच असणारच. फरक आजोबाच्या नावात. बाकी त्या दुसऱ्याची होती. काउंटरवरच्या पोरानं मोबाइलच्या बिलिंग अॅपमध्ये चार अक्षरं टाकली, यादीत पहिलं नाव आलं, तेच उचललं.

आमचा पसारा असा आहे. दारव्हा तालुक्यात कृषी सेवा केंद्र, गावाबाहेर छोटी डाळमिल, मिलच्या दारात वजनकाटा. मालक तिघे भाऊ, हिशेब मी पाहतो. ग्राहकाची नोंद होते टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये (इंग्रजीत), काउंटरच्या अॅपमध्ये (कधी मराठी, कधी इंग्रजी), खताच्या पॉस मशीनवर (अंगठा), काट्याच्या कॉम्प्युटरवर (जुन्या मराठी फॉन्टात) आणि मोठ्या भाऊंच्या लाल वहीत.

आता एकच शेतकरी घ्या. वहीत तो 'विहिरीवाला'. टॅलीत त्याच्या वडिलांचं नाव, कारण खातं त्यांच्या काळात उघडलं. अॅपमध्ये त्याच्या मुलाचं नाव आणि मुलाचा नंबर, कारण दुकानात मुलगा येतो. पॉसवर युरिया घेताना कधी त्याचा अंगठा, कधी बायकोचा. काट्यावर ट्रॅक्टरवाल्यानं जे सांगितलं ते. पाचही नोंदी खऱ्या आहेत, खोटं कोणीच लिहिलेलं नाही. पण फेब्रुवारीत त्याची तूर मिलवर आली, मिलनं पूर्ण पैसे देऊन टाकले, आणि दुकानात त्याचीच जूनची बियाण्याची बाकी उभी. मिलला कळणार कसं?

सॉफ्टवेअर विकणारा येऊन गेला. म्हणतो, सगळं फेका, एकच मोठी सिस्टिम घ्या. भाव ऐकून मधल्या भाऊंनी पंखा वाढवला. कोणी हे निस्तरलं आहे का?

---

पऱ्हाटीवाला · सोमवार, रात्री १०:१५

आमच्या गावात एका नावाचे चार जण हायेत भाऊ. त्यातले दोघं एकाच गल्लीत. एकाचं लग्नाचं पाकीट दुसऱ्याकडं जाते, तो जेवूनही येते.

सोपं सांगतो. मोबाइल नंबर धरा. नाव काहीही असू द्या, नंबर एकच असते. दहा आकडे, झालं काम.

---

सेतूताई · सोमवार, रात्री १०:४०

पऱ्हाटीवाला भाऊ, तुमचा नंबर एक असेल. आमच्या सेवा केंद्रात येणाऱ्यांचं सांगते. घरात फोन एक आणि माणसं पाच, म्हणून पाच अर्जांवर तोच नंबर. दुसरीकडे एकाच पोराकडे तीन सिमा, रिचार्ज ज्याचा स्वस्त तो चालू. आणि बंद पडलेला नंबर कंपनी कायम राखून ठेवत नाही. किमान ९० दिवस थांबून तो दुसऱ्याला देऊ शकते. तुमच्या यादीत तीन वर्षांपूर्वीचा नंबर असेल, तर तो आज मूर्तिजापुरातल्या एखाद्या मास्तरांकडे असायचा.

नंबर ठेवाच, पण माणूस शोधायला. माणूस ठरवायला नको.

---

जुनी_खातेवही · मंगळवार, सकाळी ६:२०

मी अडतीच्या दुकानात ३४ वर्षं मुनीमकी केली. आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, तरी असा मेसेज कोणाला गेला नाही.

वहीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असायची, गाववार. प्रत्येक खात्याला पान नंबर. कच्च्या टिपणात, रोजकीर्दीत, हुंडेकरीच्या चिठ्ठीवर, सगळीकडे नावासोबत खातेपान लिहायचं. नाव चुकलं तरी पान चुकत नसे. नवीन खातं उघडायचा अधिकार फक्त मला. पोरगा काउंटरवर असला तर तो 'किरकोळ'वर लिहून ठेवायचा, संध्याकाळी मी विचारून चढवायचो.

एका नावाचे दोघे असले की तिसरी खूण लिहायची. 'चिंचेजवळचा', 'जावई', 'पाटलाच्या वाड्यातला'. माणसाच्या तोंडावर ती वाचायची नाही एवढं पथ्य.

तुमच्या पाच मशिनींत खातेपान कुठं आहे?

---

सांधेजोड · मंगळवार, सकाळी ११:०५

काकांनी जे लिहिलं त्यावर मी पुण्यात पगार घेतो. गंमत नाही. मी मूळ अकोटचा. एका मोठ्या कारखानदारी कंपनीत ग्राहकांचा मास्टर डेटा, म्हणजे ग्राहकांची मूळ यादी, सांभाळणाऱ्या टीममध्ये आहे. तिथे एकच डीलर विक्रीच्या सिस्टिममध्ये वेगळा, बिलाच्या वेगळा, वॉरंटीच्या वेगळा. रोग हाच, फक्त दवाखाना मोठा.

काटापावती, सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या आधी एक प्रश्न सोडवा. तुमचा ग्राहक कोण? अंगठा लावणारा, पैसे देणारा, की सातबाऱ्यावरचा? तुम्ही दिलेल्या उदाहरणात शेतकरी, त्याची बायको आणि मुलगा अशी तीन माणसं आहेत, पण उधारीचं खातं एक. हे तिघे एकाच नोंदीत कोंबले तर उद्या मुलगा वेगळा निघाल्यावर फाटणार. तीन वेगळे ग्राहक धरले तर उधारी तीन जागी विखुरणार. म्हणून दोन थर करा. वर खातं, म्हणजे घर, ज्याच्याशी व्यवहार आहे. खाली माणसं, त्या खात्यावर माल उचलणारी. बाकी खात्यावर निघते, मेसेज माणसाला जातो.

दुसरं, क्रमांक. प्रत्येक खात्याला आपला स्वतःचा क्रमांक द्या आणि त्यात काहीही अर्थ भरू नका. गावाचं अक्षर, आडनावाचं अक्षर, वर्ष, हे मोह टाळा. माणूस गाव बदलतो, बाई लग्नानंतर आडनाव बदलते, मग क्रमांक खोटं बोलायला लागतो. १०००१ पासून सरळ मोजत जा.

तिसरं, जोडपत्रक. एक साधा तक्ता: डावीकडे आपला क्रमांक, पुढे टॅलीतलं लेजरचं नाव, अॅपमधला आयडी, काट्यावरचं नाव, वहीचं पान. आमच्या धंद्यात याला क्रॉसवॉक म्हणतात. पाचही सिस्टिमा जशा आहेत तशा चालू द्या, कोणालाही हलवू नका. फक्त कोणती नोंद कोणाची हे एका जागी लिहा. सगळ्यात स्वस्त रस्ता हाच आहे आणि मोठमोठ्या कंपन्याही इथूनच सुरू करतात.

चौथं, कोणत्या माहितीसाठी कोणाचं ऐकायचं ते आधीच ठरवा. बाकीसाठी टॅली. फोनसाठी काउंटरचं अॅप, कारण माणूस तिथं रोज येतो. कायदेशीर नावासाठी कागद. 'जी नोंद ताजी ती खरी' असा सरसकट नियम लावू नका. काट्यावर कालच टाकलेलं नाव ताजंच असतं, पण ते ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलेलं.

बाकी संध्याकाळी लिहितो, मीटिंग आहे.

---

वाचनमात्र · मंगळवार, दुपारी १:३०

वाखू (वाचनखूण) साठवली. आमच्या पतसंस्थेतही हेच रडगाणं आहे.

---

काटापावती · मंगळवार, रात्री ९:१०

मुनीमकाका, 'खातेपान कुठं आहे' वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो.

सांधेजोड, घर आणि माणसं हे पटलं. आता व्यवहाराचं सांगा. टॅलीत अडीच हजारांवर लेजर (खाती) आहेत, अॅपमध्ये त्याहून जास्त. हे एकमेकांशी जुळवायचे कसे? एक्सेलमध्ये दोन्ही याद्या घेतल्या आणि नावावरून शोधायचं सूत्र लावलं. फार थोडे जुळले. वानखडे आणि वानखेडे यातच अर्धी रात्र गेली. इंग्रजीत तर कोणी डब्ल्यू लावतो, कोणी व्ही. राऊत, राउत. उत्तम, उत्तमराव, उत्तमजी. काट्याच्या यादीचं तर विचारूच नका, एक्सेलमध्ये उघडली तर किडे-मुंग्या दिसतात.

---

सांधेजोड · मंगळवार, रात्री ११:३०

किडे-मुंग्या म्हणजे जुना फॉन्ट, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नव्हे. त्यात अक्षर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग एकदा नजरेखालून घाला, जोडाक्षरं हमखास तुटतात.

युनिकोडमध्येही एक खोड आहे. पऱ्हाटीवाल्यांच्या आयडीतलाच 'ऱ' घ्या. तो एक अखंड अक्षर म्हणून साठवता येतो, किंवा साधा र आणि त्याला नुक्ता अशा दोन तुकड्यांत. काही कीबोर्ड तर र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असे देतात. पडद्यावर सगळे सारखे. कॉम्प्युटरला मात्र ती वेगवेगळी नावं. बऱ्हाटे, गोऱ्हे ही आडनावं शोधून सापडत नसतील तर कारण हे. पहिल्या दोघांना युनिकोडचं प्रमाणीकरण (एनएफसी) एक करतं, तिसऱ्याला स्वतः बदलावं लागतं.

इंग्रजी नावांसाठी लोक साउंडेक्स सुचवतील. नावं उच्चारावरून जुळवायची, अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट झालेली पद्धत आहे. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे. वानखडे आणि वानखेडे दोन्ही 'डब्ल्यू ५२३' होतात, म्हणजे तुमची अर्धी रात्र वाचली. पण कोणी स्पेलिंग व्हीनं सुरू केलं की 'व्ही ५२३', गेला परक्या घरी. पद्धत इंग्रजी कानांसाठी केलेली, आपल्या 'व'ची तिला ओळख नाही. म्हणून आधी स्वतःचे चार नियम लावा: व्ही म्हणजे डब्ल्यू, दोन ई म्हणजे आय, शेवटचे राव, जी, भाऊ, बाई काढून टाका, दोन शब्दांमधल्या जास्तीच्या मोकळ्या जागा पुसा. मग तुलना.

ओपनरिफाइन नावाचं फुकट साधन आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, माहिती बाहेर जात नाही. सारखी वाटणारी नावं ते गठ्ठ्यानं समोर मांडतं. आडनाव आधी लिहिलं की नंतर, यानं त्याला फरक पडत नाही.

गावाचं नाव मात्र टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव किती आहेत मोजून पाहा. 'मंगरूळ' लिहिलं तर पीर की दस्तगीर? एक वाशिममध्ये, दुसरं अमरावती जिल्ह्यात. सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला क्रमांक आहे, तोच उचला.

आता ज्यासाठी हा प्रतिसाद लिहायला बसलो ते. जुळवणीच्या तीन टोपल्या करा. 'नक्की एकच', 'नक्की वेगळे' आणि 'माहीत नाही'. तिसरी टोपली मोठी होईल, होऊ द्या. मशीनला तिसऱ्या टोपलीत हात घालू देऊ नका. एका माणसाची दोन खाती राहिली तर दोन मेसेज जातील, एवढंच. पण दोन माणसांचं एक खातं झालं तर काय होतं ते तुम्ही साक्षगंधात पाहिलं. जोडलेलं परत उसवणं फार वाईट काम आहे. कोणतं बिल कोणाचं हे तोवर कोणालाच आठवत नाही.

---

पऱ्हाटीवाला · बुधवार, सकाळी ७:४५

माया आयडीवर अमेरिकेपर्यंत चर्चा गेली, बाप्पा! आता मायं नाव तीन प्रकारे लिहून तीन दुकानांत उधार घेतो.

---

कारकून_२७ · बुधवार, दुपारी १२:२०

करसल्लागाराच्या ऑफिसात आहे, म्हणून टॅलीपुरतं सांगतो.

लेजरच्या नावाखाली 'अलायस'ची जागा असते. खात्याचा क्रमांक तिथे टाका. मग बिल करताना १०४३७ टाइप केलं की लेजर थेट समोर. टॅली दोन लेजरांना एकच नाव किंवा एकच अलायस घेऊ देत नाही, म्हणजे क्रमांक दोनदा दिला जायची भीती तिथल्या तिथे मिटते. आणि नावासमोर कंसात गाव व आजोबाचं नाव घालायची सवय लावा.

दुबार लेजर सापडला की लगेच पुसायला धावू नका, व्यवहार असलेला लेजर टॅली पुसूही देत नाही. जर्नल टाकून बाकी खऱ्या खात्यावर न्या, जुन्याच्या नावापुढे 'बंद' लिहा. बिलवार हिशेब ठेवत असाल तर ट्रान्सफरही बिलवार करा. एकरकमी नेलं तर कोणतं बिल किती दिवसांचं हे पुसलं जातं, आणि वसुलीच्या वेळी जूनचं बियाणं आणि सप्टेंबरची फवारणी एकाच तारखेची दिसते. हे सगळं मार्चनंतर करा, ३१ मार्चच्या तोंडावर नको.

डाळमिलच्या व्यापाऱ्यांचं काम मात्र सोपं आहे. त्यांच्याकडे जीएसटी क्रमांक असतो, १५ अक्षरांचा. पहिली दोन राज्याची (आपली २७), पुढची दहा म्हणजे पॅन. शेवटचं अक्षर तपासणीचं, टाइप करताना चूक झाली तर पकडता येते. एकाच व्यापाऱ्याची नागपूरची आणि रायपूरची नोंदणी वेगळी असेल, पण मधला पॅन तोच. पॅनवर खातं जोडा, जीएसटी क्रमांकावर बिलाचा पत्ता. पॅनचं चौथं अक्षरही पाहत जा: पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी फर्म, सी म्हणजे कंपनी, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. शेटजी तेच असले तरी त्यांची फर्म आणि ते स्वतः ही दोन खाती आहेत.

अवांतर: एक्सेलमध्ये मोठे आकडे टाकण्याआधी रकाना 'टेक्स्ट' करा. १२ आकड्यांपासून पुढे तो स्वतःच्या मर्जीनं 'ई प्लस' दाखवतो, आणि १५ च्या पुढचे आकडे तर शून्य करून टाकतो. सोळा आकडी बँक खात्याचा शेवटचा आकडा गेलेला मी डोळ्यानं पाहिला आहे.

---

बांधावरून · बुधवार, रात्री ८:३५

सगळे दुकानदाराच्या बाजूनं बोलून राहिले, मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलतो. सहा एकर आहे, घाटंजीकडे.

आमच्या इथल्या एका दुकानात आधारची झेरॉक्स घेतात, सातबाऱ्याची घेतात, पासबुकाची घेतात. कशाला, ते सांगत नाहीत. एकदा त्याच झेरॉक्सच्या पाठीवर दुसऱ्याचं बिल लिहून दिलं मला! कोण्या बाईचं आधार होतं. तुम्ही पाच सिस्टिमा जोडाल, चांगलं आहे. पण माझी माहिती एका जागी जमली की ती जाईल कुठं? औषध कंपनीचा माणूस यादी मागते, हे माहीत आहे मला.

दुसरं. गेल्या साली सोयाबीन उगवलंच नाही. तक्रार द्यायला गेलो, तालुक्याची समिती पाहणीला येणार. बिल पोराच्या घरच्या नावानं, शेत माझ्या नावानं. 'हे बियाणं याच शेतात पेरलं कशावरून' इथून सुरुवात. लॉट नंबर, पिशवीची खूणचिठ्ठी सगळं होतं जवळ, बिलावरच्या नावानं पंधरा दिवस खाल्ले.

---

सेतूताई · बुधवार, रात्री ९:२०

बांधावरून दादांचा मुद्दा सगळ्यात कामाचा आहे. झेरॉक्सच्या पाठीवर बिल वाचून अंगावर काटा आला.

आधार क्रमांक दुकानाच्या यादीत ठेवूच नका. खत देताना पॉसवर अंगठा लागतो, ती सरकारची व्यवस्था आहे, अनुदान त्याला जोडलेलं आहे. त्याचा तुमच्या उधारीच्या वहीशी संबंध नाही. खाजगी कंपन्यांनी आपल्या कामासाठी आधार वापरायची कायद्यात जी मुभा होती, ती सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्येच काढून टाकली. ओळख पटवायला कोणी दाखवलंच तर झाकलेलं आधार चालतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पाहा आणि परत द्या.

आता नवीन प्रश्न येईल, म्हणून आधीच लिहिते. शेतकरी ओळख क्रमांक, ॲग्रिस्टॅक या सरकारी शेतकरी नोंदणीचा, ११ आकडी. आपल्याकडे योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून सक्तीचा झाला, त्यामुळे बऱ्याच जणांकडे आहे. तो खात्याची ओळख म्हणून वापरावा का? मी नको म्हणेन. तो जमिनीच्या नोंदीवर मिळतो. मक्त्यानं किंवा बटईनं करणारा, ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याच्याकडे तो नाही, पण तुमच्या दुकानातून खत-बियाणं तोच सगळ्यात जास्त नेतो. रकाना ठेवा, द्यायचा असेल त्यानं द्यावा, रिकामा राहिला तरी चालावं.

नावाचं म्हणाल तर आमच्याकडे रोजचं आहे. सातबाऱ्यावर एक, आधारवर एक, पासबुकात तिसरं. पुढची पिढी आणखी गंमत आणणार. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नावही आहे: बाळ, आई, वडील, आडनाव. नावाचे तीनच तुकडे असतात असं गृहीत धरून रकाने केले असतील तर आत्ताच चौथा जोडा.

---

सांधेजोड · बुधवार, रात्री १०:५०

कायद्याची बाजू थोडी भरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात एक कलम आहे, ते आमच्या टीमनं भिंतीवर लावलं आहे. ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय घेणार असाल किंवा जी दुसऱ्याला देणार असाल, ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत ठेवणं ही माहिती बाळगणाऱ्याची जबाबदारी. शिवाय ग्राहकाला दुरुस्ती मागायचा हक्क. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात १८ महिने दिलेत. लाल वहीला हा कायदा लागत नाही, पण वही कॉम्प्युटरवर चढवली की लागतो. त्यामुळे मुनीमकाकांची 'चिंचेजवळचा', 'जावई' असली खूण रकान्यात भरताना जरा जपून. उद्या तो माणूस 'माझी नोंद दाखवा' म्हणाला तर पडदा त्याच्याकडे वळवता आला पाहिजे.

---

जुनी_खातेवही · गुरुवार, सकाळी ६:०५

मान्य. आमच्या वहीतल्या काही खुणा पडद्यावर दाखवण्यासारख्या नव्हत्याच.

पण एक विचारतो. रकाने झाले, क्रमांक झाले. खातं उघडणार कोण? काउंटरवरचा पोरगा गर्दीत नवीन नाव टाकत राहिला तर दोन वर्षांत पुन्हा हाच धागा काढाल.

---

काटापावती · गुरुवार, रात्री ९:४०

काका, हाच घाव वर्मी बसला. अॅप उघडून पाहिलं, तर नवीन ग्राहक करायचं बटण सगळ्यांनाच दिसतं. आणि शोधण्यापेक्षा नवीन टाकणं सोपं! शोधायला चार अक्षरं आणि यादी खाली-वर. नवीनला एक बोट. १५ जूनला पहिला पाऊस पडल्यावर काउंटरवर चाळीस माणसं उभी असतात, पोरगा काय करणार?

आजपासून ते बटण बंद केलं. 'किरकोळ' नावाचं एक खातं काढलं, गडबडीत त्यावर लिहायचं, कागदावर गाव आणि फोन, रात्री मी बसतो. मोठ्या भाऊंना सांगितलं तर म्हणाले, हे तर बाबा करत होते.

महिनाभरानं काय झालं ते कळवतो.

---

काटापावती · पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:००

कबूल केल्याप्रमाणे आलो.

सगळी खाती एकदम घेतली नाहीत. आधी फक्त बाकी असलेली घेतली, म्हणजे आठशेच्या आसपास. एका वहीत क्रमांक, एका एक्सेलमध्ये जोडपत्रक. टॅलीत अलायस. काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रमांकाची जागाच नव्हती. मग 'शेरा' नावाचा एक रकाना रिकामा पडला होता, त्यात टाकतो. काटेवाला आता ट्रॅक्टरवाल्याला नाव विचारत नाही, 'कार्ड आणलं का' विचारतो. कार्ड म्हणजे आमच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीचा तुकडा. त्यावर क्रमांक मोठा, खाली घरच्या कर्त्याचं नाव. नाव शेतकऱ्याला विचारून, सातबाऱ्यावर जसं आहे तसं, म्हणजे बांधावरून दादांसारखं बिलावरून अडायला नको. पोरगा आला तरी बिल कर्त्याच्या नावानं, 'हस्ते' म्हणून पोराचं.

कार्डाची भानगड अशी झाली की लोक घरी विसरतात. एका बाईंनी मात्र ते देवघरात ठेवलं आणि फोटो काढून आणला. तेव्हापासून सगळ्यांना फोटो काढायला सांगतो.

'माहीत नाही'च्या टोपलीत ९३ जोड्या राहिल्या होत्या. गाववार कागद काढले आणि ज्या गावचा जो दुकानात आला, त्याला चहा देऊन विचारलं: हे दोघं एक की वेगळे? ३० च्या आसपास सुटल्या. त्यात चार ठिकाणी मी छातीठोकपणे 'एकच' म्हणणार होतो आणि ते आजा-नातू निघाले, नातवाला आज्याचं नाव ठेवलेलं. वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा असता तर गेलोच होतो.

साक्षगंधवाल्यांकडे मी स्वतः गेलो, कार्ड घेऊन. त्यांनी क्रमांक वाचला, म्हणाले, 'अन् त्याचा कोणता?' सांगितला नाही. बरोबर केलं ना, सेतूताई?

आता अडलो आहे ते एका जागी. खातेदार वारले आहेत अशी वीसेक खाती आहेत. बाकी कोणावर उभी आहे, कोणाला दोन मुलं, एक गावात, एक पुण्यात. खातं मुलाच्या नावानं बदलायचं की नवीन उघडायचं?

---

सेतूताई · रविवार, रात्री ८:५०

शंभर टक्के बरोबर केलं.

वारलेल्यांचं: क्रमांक बदलू नका आणि नाव खोडून मुलाचंही टाकू नका. 'मयत' अशी स्थिती लिहा, तारीख लिहा, त्या खात्यावर नवीन माल देणं बंद. आणि त्या खात्याचा मेसेज आधी थांबवा, आज रात्रीच. माणूस गेल्यावर महिन्याभरात त्याच्या नावानं 'आपली बाकी' असा मेसेज घरात वाजला, तर साक्षगंधाचं काहीच वाटणार नाही. गावात जो मुलगा शेती करतो त्याला नवीन क्रमांक द्या, जोडपत्रकात 'आधीचं खातं' म्हणून वडिलांचा क्रमांक. फेरफार होऊन सातबाऱ्यावर वारसांची नावं चढायला वेळ लागतो, त्याची वाट पाहत बसू नका, पण बाकी कोण फेडणार हे दोघा भावांना समोर बसवून विचारा आणि ठरेल ते लिहून ठेवा.

---

जुनी_खातेवही · सोमवार, सकाळी ६:१५

आम्ही तेरवी होईपर्यंत त्या पानाला हात लावत नसू. चौदाव्या दिवशी मालक स्वतः जायचे, वही दुकानातच ठेवून.

---

काटापावती · सोमवार, सकाळी ७:००

मेसेज काल रात्रीच बंद केले. वीस नव्हते, सत्तावीस निघाले.